दगडाची खालची बाजू

त्या आठवड्यात माझ्या हातून दोनदा मेण उतू गेलं आणि एका निवृत्त मास्तरांच्या कवळीत मी डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. सव्वीस वर्षं मी कवळ्या करतोय, पण अशी चूक शिकाऊ असतानाही झाली नव्हती. बायको म्हणाली, "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" कुठं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. टेबलाच्या खालच्या खणात, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेल्या एका दगडापाशी होतं. तो खण मी दिवसातून वीस वेळा उघडत होतो आणि वीस वेळा बंद करत होतो. एका जागी बसलं तर मांडीखाली मुंग्या, उठलं तर काय करायचं ते आठवेना.

दगड वहिनीचा. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. माझे दुधाचे शेवटचे दात तिनेच दोरा बांधून ओढले, तेव्हा माझ्या धंद्याचा श्रीगणेशा तिच्याच हातून झाला म्हणायचा. एरवी ती मला 'अरे' म्हणते. 'भाऊजी' म्हणाली की समजायचं, पाणी डोक्यावरून गेलंय. इतक्या वर्षांत चार-पाच वेळाच म्हणाली असेल.

ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला एकच नाद, दगडांचा. दर रविवारी हातोडी, कापडी पिशवी आणि एक वही घेऊन ती गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात जायची आणि दुपारी खांदा वाकवून परत यायची. गॅलरीत तीस वर्षांचे दगड फळ्यांवर मांडलेले, प्रत्येकाला चिकटपट्टीवर आकडा. दादा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात माणसं दोन आणि दगड सातशे. मतदान घेतलं तर मला बाहेर काढतील."

त्या रविवारी ओढ्याच्या काठावरून उतरताना तिचा पाय खडीवरून घसरला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. एका ट्रॅक्टरवाल्याने तिला आणून सोडलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर तिची उजवी मूठ उघडायला सांगत होते आणि ती उघडत नव्हती.

"काय आहे हातात?"

"माझं आहे," वहिनी म्हणाली, आणि मला बघून मूठ माझ्या हातात रिकामी केली.

माझ्या अर्ध्या तळहाताएवढा तुकडा होता. सहा पट्ट्या, एकीला एक खेटून, मध्ये शिवणीसारख्या बारीक रेघा. वरून कडक चहाच्या रंगाचा, गुळगुळीत. खालून मळकट आणि खरखरीत.

"तू दातवाला ना? सांग, दात आहेत की नाही हे?"

"वहिनी, असे फरशीसारखे दात कुणाचे असतात?"

"तेच शोधून काढ. संग्रहालयात ने." मग तिने डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी नुकतंच सांगितलं होतं की यापुढे ओढे-बिढे बंद. "अरे, सातशे वेळा वाकले मी. एकाचंही नाव कुणाला विचारावंसं वाटलं नाही. गारगोट्या नि शिंपले, शिंपले नि गारगोट्या. हा शेवटचा. याचं नाव मला हवंय. पाय कशापायी गेला ते तरी कळू दे."

एवढंच तिचं मागणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दगड घेऊन लॅबमध्ये आलो. आमची लॅब म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. डावीकडे बायकोचं टेबल, तिथे ठसे आणि प्लास्टर. उजवीकडे माझं, तिथे मेण, दात आणि पॉलिशचं चाक. ज्या उस्तादांकडे मी शिकलो त्यांचा एकच नियम होता, "आधी ठसा, मग हात." तुटकी कवळी दुरुस्तीला आली तरी आधी तिचा ठसा घेऊन प्लास्टरमध्ये प्रत काढायची, मगच ती उघडायची. काही बिघडलंच तर मूळ कसं होतं ते समोर राहतं. मी दगड एका ट्रेमध्ये ठेवला, वर 'वहिनीचं' अशी चिठ्ठी टाकली, ट्रे कुठेतरी टेकवला आणि प्लास्टरची पोती उतरवून घ्यायला बाहेर गेलो. आलो तेव्हा बायको वहिनीकडे जायला निघत होती. पाय प्लास्टरमध्ये असेपर्यंत दोन्ही वेळचं जेवण ती तिकडेच करणार होती.

मी एकटाच उरलो. दगड धुतला. मऊ ब्रशने वरचा भाग घासला, चमकला. मग उलटा केला. खालच्या बाजूला बारीक बारीक कडा होत्या, मातीने भरलेल्या, बोटाला टोचणाऱ्या. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सव्वीस वर्षं दुसरं काही केलं नाही, कवळीची हिरडीकडची बाजू कुणालाही कुठेही टोचता कामा नये एवढंच पाहिलं, त्याच्या हातात टोचणारी खालची बाजू आली तर तो काय करणार? माझे हात शिवशिवले. काम करताना देवाचं नाव गुणगुणायची मला सवय आहे, चाकाच्या आवाजात सूर बरा लागतो. त्या दिवशीही लागला होता. दहा मिनिटांत खालची बाजू आरशासारखी झाली. मी ती गालाला लावून बघितली आणि, आज सांगायलाही लाज वाटते, मनात म्हटलं, वहिनी खूश होईल.

संग्रहालय टपाल कचेरीच्या वर, तीन खोल्यांचं. तिथल्या मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी दगड खिडकीशी नेला, भिंगातून बघितला आणि हळूच "अरे वा" म्हणाल्या. मग उलटा केला. त्यांचा चेहराच बदलला.

"खालच्या बाजूला कुणी हात लावलाय?"

माझी दातखीळ बसली. "असंच मिळालंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नखांतल्या पांढऱ्या भुकटीकडे. "ओळख खालूनच पटते हो. वरून हे कासवाच्या पाठीचं हाड असू शकतं, एखाद्या माशाचा जबडा असू शकतो, आणखीही काही असू शकतं. खाली मुळं कशी होती, रेघा होत्या की नव्हत्या, त्यावर सगळं. हे तर…" त्यांनी अंगठा त्या आरशावरून फिरवला. "कापून सूक्ष्मदर्शकाखाली घातलं तर काहीतरी कळेल. पण मग तुकडा उरणार नाही. नाहीतर मी 'कदाचित' असं लिहून देते."

"कदाचित नको," मी म्हणालो आणि दगड उचलून जिना उतरलो. दोन-दोन पायऱ्या एकदम.

त्या जिन्यापासून जी तगमग सुरू झाली ती थांबेना. देवाने लाखो वर्षं मातीत जपून ठेवलेलं मी दहा मिनिटांत पुसून टाकलं होतं, आणि तेही त्याचंच नाव घेत घेत! सातशे वेळा वाकलेल्या बाईला त्याने एकदा दिलं, तर ते नेमकं माझ्या हातून जायचं होतं.

संध्याकाळी वहिनीकडे गेलो. ती पलंगावर, पाय उशीवर.

"मग, काय निघालं?"

"मॅडम सुट्टीवर आहेत."

बुधवारी गेलो. "मग, काय निघालं?"

"अजून आल्या नाहीत."

"किती सुट्टी घेतात ही माणसं," वहिनी म्हणाली. "मी बाळंतपणं सोडून एक दिवस घरी राहिले नव्हते. आणि काय रे, तुझ्या बायकोला एकदा समजाव. तीन दिवस सगळं गिळगिळीत करून घालतेय. भात मऊ, भाजी ठेचून. पाय मोडलाय माझा, जबडा नाही."

"सोसायला हवं," दादा पेपराआडून म्हणाला. "म्हातारपणाची तालीम चाललीय."

मी हसलो. म्हणजे हसल्यासारखं केलं. खुर्चीत बसलो, उठलो, गॅलरीत गेलो. सातशे दगड माझ्याकडे बघत होते. एक हातात घेतला, ठेवला. दुसरा घेतला. आतून वहिनी म्हणाली, "काय फेऱ्या मारतोयस वाघासारख्या? बस की."

गुरुवारी तिने घाव घातला. तिला बिचारीला कल्पनाही नव्हती.

"एक आठवलं बघ. दवाखान्यात सगळी धावपळ चालली होती तेव्हा मी मुठीत बोट फिरवत होते त्याच्यावरून. खालच्या बाजूला कंगव्यासारखं होतं. बारीक दाते, एकासारखा एक. हे मॅडमना आवर्जून सांग हं. मला वाटतं त्यातच काहीतरी आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

तिच्या बोटाला माहीत होतं! आता दगड नुसता परत दिला तरी अंधारातसुद्धा तिला कळलं असतं. त्या दिवशी मी घरी न जाता चार रस्ते उगीच चाललो. चपलेचा अंगठा तुटला, तरी चाललो. शुक्रवारी मास्तर आपली दाढ बदलून न्यायला आले आणि म्हणाले, "आता ही तरी माझ्याच तोंडाची आहे ना?" मला त्यांचा राग येईना. खोटं बोलणाऱ्याला राग यायचा हक्क नसतो.

शनिवारी दुपारी मी दगड खणातून काढला, खिशात घातला आणि वहिनीकडे गेलो. बायको तिथेच होती, वाटीत काहीतरी घोटत होती. दादा खिडकीत.

"मग, काय निघालं?"

मी पलंगाच्या कडेला बसलो. दगड तिच्या ओंजळीत ठेवला, उलटा. म्हटलं होतं नीट सुरुवात करू, सावकाश सांगू. पण तिचं बोट त्या गुळगुळीत बाजूवर गेलं आणि थांबलं. पुन्हा फिरलं आणि पुन्हा थांबलं.

"मी घासली," मी म्हणालो. "सोमवारीच. चाकावर. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. मॅडम सुट्टीवर नाहीत. मी गेलो होतो. त्या म्हणाल्या ओळख खालूनच पटली असती. आता नाही सांगता येत. आठवडाभर मी तुझ्याशी खोटं बोललो."

दादाने पेपर खाली ठेवला. वहिनीने दगड उशीजवळ ठेवला, पदराने बोट पुसलं.

"ठीक आहे, भाऊजी," ती म्हणाली. "जा तुम्ही. काम असेल तुम्हाला."

रडली असती, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी उठलो. तेवढ्यात बायको वाटी हातात तशीच धरून पुढे आली आणि उशीजवळच्या दगडाकडे बघत राहिली.

"हा… हा दगड आहे?"

"मग काय वाटलं तुला?" दादा म्हणाला.

"अहो, सोमवारी माझ्या टेबलावर ट्रेमध्ये हेच होतं ना? 'वहिनीचं' अशी चिठ्ठी होती." ती एकदम लाल झाली. "मला वाटलं, ताईंची कवळी. तंबाखूने काळी पडल्यासारखी दिसली, म्हटलं जुनी असेल, तुटली असेल पडताना. ताईंना कवळी आहे हे मला कधी कळलंच नव्हतं, म्हणून म्हटलं आपण कशाला विचारा, त्यांना वाईट वाटेल. आणि म्हणूनच मी सगळं मऊ…"

"अगं बाई!" वहिनी उठून बसली. "तंबाखू? मी?"

"मग तिचं तू केलंस काय?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"काय करणार? ठसा घेतला. दोन्ही बाजूंचा. प्लास्टर ओतून ठेवलं."

"कुठे आहे?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली. शनिवार. दर शनिवारी ती काम संपलेल्या प्रती फोडून पोत्यात भरते आणि पोतं लॅबच्या दाराशी ठेवते. ट्रे रिकामा दिसला, तेव्हा तिने कवळी ताईंना पोचली असं धरलं. मलबा न्यायची गाडी पाचला येते. पावणेपाच झाले होते.

आम्ही दोघं पळालो. लग्नानंतर इतक्या जोरात आम्ही एकत्र कधी पळालो नसू. गल्लीच्या तोंडाशी गाडीची घंटा ऐकू येत होती. पोतं दाराशीच होतं. मी ते तिथेच फुटपाथवर उपडं केलं आणि साठ-सत्तर जबडे रस्त्यावर पसरले. दोघं गुडघ्यांवर बसलो. वरचे, खालचे, अर्धे, फुटके. येणारे जाणारे थबकून बघत होते. शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन म्हणाला, "कुणाचा दात हरवलाय का?" गाडीवाला म्हणाला, "मालक, मी थांबू की जाऊ?"

"थांब रे बाबा," मी म्हणालो, "देवासाठी थांब."

प्रत बायकोच्या हाताला लागली. वरच्या बाजूच्या प्रतीचा चुरा झाला होता, पण ती बाजू दगडावर होतीच. खालची मधोमध चिरली होती, दोन तुकडे. तिने ते जोडून धरले. पांढऱ्या प्लास्टरवर कंगव्याचे दाते, एकाशेजारी एक, सहाही पट्ट्यांवर सलग. कडेला तिच्या अक्षरात पेन्सिलीने 'वहिनी, दुरुस्ती'. मी बोट फिरवलं. टोचलं. इतकं गोड कधी काही टोचलं नव्हतं मला.

त्या संध्याकाळी बायकोच वहिनीला सांगून दगड घेऊन आली. मी गेलो नाही. सोमवारी दार उघडायच्या आधीच संग्रहालयाच्या जिन्यात उभा होतो. मॅडमनी दगड आणि प्रत शेजारी शेजारी ठेवली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, मग कपाटातून एक जाड पुस्तक काढून चित्र समोर धरलं.

"पाकट," त्या म्हणाल्या. "समुद्रात चादरीसारखा पसरट मासा असतो ना, शेपटीत काटा असलेला? त्याच्या तोंडातली ही फरशी. हिच्यावर तो शिंपले फोडतो. आणि हा कंगवा म्हणजे दातांची मुळं. कासवाला असं नसतं."

"म्हणूनच ही कड झिजलीय," मी म्हणालो, "आणि ही समोरची अगदी कोरी आहे. चावून झिजल्यासारखं मला पहिल्यापासून वाटत होतं. पण चावण्याची झीज एकाच कडेला का?"

मॅडम माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "त्याचे नवे दात मागून येतात आणि पुढे सरकतात. पुढचे झिजून गळून जातात."

"म्हणजे जन्मभर कवळी लागत नाही," मी म्हणालो. "चांगलंय. आमचं पोट बुडवणारा मासा."

त्या हसल्या, मग थांबल्या. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, असंच मिळालं."

"खोटं बोललो."

"माहीत होतं. ओढ्याच्या पाण्याला इतकं छान पॉलिश जमत नाही." त्यांनी प्रतीचे तुकडे कापसावर ठेवले. "समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. इथल्या थरात शिंपल्यांपलीकडे काही मिळाल्याची नोंद माझ्याकडे नाही. सुटा एक तुकडा म्हटला की लोक म्हणतील कुणीतरी बाहेरून आणून टाकला. नेमकी जागा कळली आणि तिथे आणखी एखादा मिळाला, तर गोष्ट वेगळी. जागा सांगता येईल कुणाला?"

एकीलाच येणार होती.

मी वहिनीसमोर उभा राहिलो. बसलो नाही. पाकट सांगितलं, फरशी सांगितली, मागून येणारे दात सांगितले. ती ऐकत होती, नजर प्लास्टरच्या पायावर.

"पाकट," तिने एकदा म्हणून बघितलं. मग उशीखालून वही काढली आणि माझ्यासमोर धरली. "रविवारी जा. वाकड्या झाडापासून ओढ्याच्या वरच्या अंगाला सत्तावीस पावलं, माझी. तुमची वीस धरा. पिवळ्या मातीचा पट्टा लागेल, कमरेएवढ्या उंचीवर. बघा. पण भाऊजी, हातोडी न्यायची नाही. ब्रश नाही. हात खिशात. दिसलं तरी काढायचं नाही. मी येईन तेव्हा मी काढीन."

"डॉक्टर म्हणाले की…" दादाने तोंड उघडलं.

"डॉक्टरला जबड्याचं कळतं का पाकटाच्या?"

रविवारी मी गेलो. रिकाम्या हातांनी चालायची सवय नसली की हात फार जड होतात. वाकडं झाड सापडलं. तिच्या चालीने छोटी पावलं टाकत सत्तावीस मोजली, कारण वीसवर विश्वास बसेना. पट्टा सापडला. अर्धा तास त्याच्यासमोर वर-खाली सरकत राहिलो, ऊन मानेवर, डोळ्यांत घाम. दोनदा शिंपला दिसला आणि दोनदा फसलो. मग एका भेगेत, मातीतून नखाएवढी बाहेर आलेली, चहाच्या रंगाची एक कड. तिच्यावर शिवणीसारखी रेघ.

उजवा हात खिशातून निघालाच होता. मी तो परत आत कोंबला आणि डाव्याने फोन काढला.

"वहिनी. आहे."

पलीकडे श्वास ऐकू आला. "हात लावलास?"

"नाही."

"खरं?"

"खरं. एक खिशात आहे, एका हातात फोन."

मग पलंग करकरल्याचा आवाज, आणि दादा मागून 'पाय, पाय सांभाळ' म्हणतोय.

"अरे, मग गप्प का? किती दिसतंय, कसं दिसतंय, सांग ना नीट."

मी भेगेशी वाकलो, फोन कानाला घट्ट लावला, आणि सांगायला लागलो.